सुळ्याला घाई आहे : फाटलेल्या हिरडीत प्रयोगशाळेतलं हाड चालेल का?

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे.

माझी मुलगी चिमी (घरातलं नाव) साडेआठ वर्षांची आहे. जन्मतःच डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू दुभंगलेली. ओठ पाचव्या महिन्यात शिवला, टाळू सव्वा वर्षाची असताना. नंतर दोन वर्षं स्पीच थेरपी झाली, आता 'क' आणि 'ग' खणखणीत म्हणते. उरलीय ती हिरडीतली फट. डाव्या नाकपुडीच्या बरोबर खाली, पटाशीच्या दातांशेजारी खाच आहे आणि तिच्यातून एक बारीक भोक थेट नाकात जातं. ताक प्यायली की कधीकधी नाकातून येतं. शाळेत डबा खाताना पोरगी भिंतीकडे तोंड करून बसते, हे मला तिच्या बाईंकडून कळलं.

डॉक्टर म्हणतात, आठ-दहा महिन्यांत कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरू, सुळा खाली यायच्या आत. माझी तयारी होती. पण गेल्या आठवड्यात नणंदेनं एका क्लिनिकची जाहिरात पाठवली : 'कमर न कापता स्टेम सेलने जबड्याचे हाड उगवा'. फोन केला तर साडेतीन लाख सांगितले, दुधाचा दात जपून ठेवण्याचे वेगळे. हे म्हणतात, पोरीची कमर कशाला कापायची, पैसे उभे करू. सासूबाई अजून ग्रहणातच अडकल्यात (मी तेव्हा विळी हातात घेतली होती म्हणे).

हे हाड उगवण्याचं प्रकरण खरं आहे की थापा? कुणाला माहिती असेल तर सांगा. घाबरवू नका, पण गोडही लावू नका.

---

रिकामटेकडा | ८ जून, रात्री ११:४१

विळी नाही, मोबाईल हातात घेतला असाल. हल्लीच्या ग्रहणात तो जास्त धारदार असतो. (हलके घ्या.) वाचतोय.

---

बत्तिशी | ९ जून, सकाळी ७:०५

तोंड आणि जबड्याचा सर्जन आहे. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून न घेता गप्पा म्हणून वाचा.

आधी विळीचं निकालात काढू. ओठ आणि पुढची हिरडी गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळते. नाकाकडून येणारा उंचवटा आणि गालाकडून येणारा उंचवटा एकमेकांना भेटतात आणि चिकटतात. कधी भेट होत नाही. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हे होतं, ग्रहण असो वा नसो. त्या आठवड्यात कित्येक बायकांना दिवस गेलेत हेसुद्धा धड माहीत नसतं. सासूबाईंना हे वाचून दाखवा, माझ्या नावावर खपवा.

आता हाड. ओठ शिवला, टाळू शिवली, ते सगळं मऊ मांस. हिरडीच्या आत जे हाड हवं ते तिथे मुळात नाहीच. सुळा हाडातूनच खाली सरकतो, हवेतून नाही. हाड नसेल तर तो अडकतो, वाकडा येतो किंवा फटीच्या कडेला येऊन पुढे हलायला लागतो. नाकपुडीला खालून आधार नसतो म्हणून ती बाजू बसकी दिसते. भोक उघडं राहतं ते वेगळंच.

१९७२ मध्ये बॉइन आणि सँड्स यांनी मांडलेली रीत आजही जगभर चालते : मिश्र दातांच्या वयात, म्हणजे साधारण ८ ते ११ च्या दरम्यान, सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालेलं असताना कमरेचं जाळीदार हाड फटीत भरायचं. त्याआधी तान्हेपणीच हाड भरून पाहिलं होतं लोकांनी. बहुतेक ठिकाणी ते सोडून दिलं, कारण वरच्या जबड्याची वाढ खुंटत होती. म्हणजे लवकर करून चालत नाही आणि उशीरही करून चालत नाही. सुळ्याची ही वेळ कुठल्याही संशोधनासाठी थांबत नाही, एवढं डोक्यात ठेवा, बाकीचं सावकाश बोलू.

आणि 'कमर कापणे' या शब्दाला घाबरू नका. तिला कडेवर घ्यायचात ना, तेव्हा ती तुमच्या ज्या हाडावर टेकायची तेच हे हाड. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घ्यायचा, वरचं टोपण उचलायचं, आतला मऊ लालसर चुरा चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून घ्यायचा, टोपण परत लावायचं. ओला नारळ खवल्यासारखं. एका बाजूच्या फटीला हाड लागतं जेमतेम एक मिलिलिटरच्या आसपास, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा.

---

मिशीआडचा_मी | ९ जून, दुपारी १:३०

ताई, मी चिमीच आहे, फक्त ३४ वर्षांचा आणि मिशीवाला.

दहाव्या वर्षी माझी कमरेवाली शस्त्रक्रिया झाली. खरं सांगतो, तोंड दुखलंच नाही फारसं, कमर दुखली. दुसऱ्या दिवशी संडासपर्यंत चालवलं तेव्हा मी नर्सला शिवी दिली होती, आयुष्यातली पहिली. आठवडाभर लंगडलो. दहाव्या-बाराव्या दिवशी गल्लीत टेनिस बॉलनं खेळताना आईनं पकडून आणलं. आज तिथे एक बारीक रेघ आहे, पँटच्या पट्ट्याखाली जाते.

तीन आठवडे मऊ भात, पातळ खिचडी, रव्याची लापशी. मला अजून लापशी बघवत नाही. पण नाकातून ताक येणं त्या दिवशी जे बंद झालं ते कायमचं. सुळा दीड वर्षानं आला. तो दात मी आरशात जितका बघितलाय तितकं बायकोनं मला बघितलं नसेल.

---

परांची | ९ जून, दुपारी ३:१२

अवांतर प्रश्न. आम्ही बांधकामवाले. प्रयोगशाळेत हाड उगवण्याला टिश्यू इंजिनिअरिंग म्हणतात ना, ते नक्की काय इंजिनिअरिंग? स्कॅफोल्ड स्कॅफोल्ड म्हणतात ती आमची परांचीच ना?

---

प्रयोगवही | ९ जून, रात्री १०:५० (नेदरलँड्स)

मी याच क्षेत्राच्या शेजारच्या खोलीत काम करते (हाडाऐवजी वापरायचे पदार्थ). लांब लिहिणार आहे, चहा घ्या.

@परांची, नाव तेच, पण तुमची परांची इमारतीच्या बाहेर असते आणि काम झालं की सोडून नेता. आमची आतच राहते. माझ्या डोळ्यासमोर नेहमी कारल्याचा मांडव येतो. वेल चढावी म्हणून काटक्या उभ्या करायच्या. वेल जून झाली की काटक्या कुजून गेल्या तरी चालतं, उलट कुजायलाच हव्यात. पण वेल धरायच्या आधी कुजल्या तर वेल जमिनीवर. आमचा निम्मा जन्म या कुजण्याचा वेग जुळवण्यात जातो.

मांडव झाला, वेल म्हणजे जिवंत पेशी, आणि खत म्हणजे वाढीचा निरोप देणारी प्रथिनं. 'टिश्यू इंजिनिअरिंग' हा शब्द लँगर आणि व्हाकांटी यांच्या १९९३ च्या लेखामुळे सर्वतोमुखी झाला, पण हाडाची गोष्ट जुनी आहे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं कॅल्शियम काढून उरलेला चिवट भाग जनावरांच्या स्नायूत ठेवला आणि तिथे, जिथे हाडाचं काही काम नाही तिथे, हाड तयार झालं. त्यातल्या निरोप्याला, म्हणजे हाड घडवायला सांगणाऱ्या प्रथिनाला, पुढे बीएमपी हे नाव मिळालं.

@कृष्णाकाठ, आता तुमच्या दुधाच्या दाताची कुळकथा. अमेरिकेत सोंगताओ शी नावाचे बालदंततज्ज्ञ संशोधन करत होते. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला. आपण कौलावर फेकला असता, त्यांनी फोडून आतला मगज तपासला. २००३ मध्ये जाहीर झालं की दुधाच्या दाताच्या मगजात मूळ पेशी (जाहिरातीतले स्टेम सेल त्या याच) असतात आणि त्या हाड घडवायला मदत करतात. गंमत म्हणजे जबड्याचं हाड आणि दाताचा मगज हे दोन्ही गर्भातल्या एकाच घराण्यातून येतात. कमरेचं हाड दुसऱ्या घराण्यातलं. त्यामुळे दातातल्या पेशी जबड्यात जास्त रमतील अशी आशा, आणि ती वेडगळ नाही.

माणसांवर झालंय का? झालंय, पण थोड्यांवर.

जपानमध्ये नागोयाच्या गटानं २००६ मध्ये ९ वर्षांच्या एका मुलीची हकीकत छापली. कमरेतून सुईनं थोडी मज्जा घेतली, पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तिच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या जेलमध्ये कालवून फटीत भरल्या. हाड झालं, दातही आले. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या गटानं दुधाच्या दाताच्या पेशी गाईच्या हाडापासून केलेल्या मांडवावर बसवून काही मुलांत वापरल्या. बोगोताच्या सर्जनांनी तर बाळाच्या नाळेच्या रक्तातल्या पेशी राखून ठेवल्या आणि पाचव्या महिन्यात ओठ शिवतानाच फटीत सोडल्या. ५ वर्षांनी त्या मुलीच्या जबड्यात चांगलं जाड हाड दिसलं, वेगळी शस्त्रक्रिया लागली नाही.

शेवटचं वाक्य वाचून हुरळू नका. ती एक मुलगी आहे. दुसरी बाजू नाहीच तिथे : पेशी न सोडता नुसती हिरडी नीट जुळवून शिवली असती तर किती हाड झालं असतं? कारण तेही होतं. स्कूग नावाच्या सर्जननं १९६५ मध्येच दाखवलं होतं की हाडावरचं अस्तर फटीवरून पुलासारखं जोडलं तर खाली आपोआप थोडंफार हाड बनतं. म्हणून एकेका पेशंटच्या हकीकतीवरून पेशींना श्रेय देताना आमचे हात अडखळतात.

---

वाटसरू | १० जून, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. दात कौलावर फेकल्याचा पश्चात्ताप होतोय, २८ दात गेले.

---

रिकामटेकडा | १० जून, सकाळी ११:१५

दुधाचे दात २० असतात हो.

बाकी, डॉक्टर लोकांचं हे नेहमीचं. नवीन काही आलं की 'विदा कुठाय'. १९७२ ची रीत आज विकताय. ५० वर्षांत तुम्हाला कमर सोडून काही सुचलं नाही? हे बीएमपी म्हणे बाटलीत मिळतं. ते का देत नाही?

---

बत्तिशी | १० जून, रात्री ९:४०

@रिकामटेकडा, प्रश्न रास्त आहे, टोन सोडून देतो.

बीएमपी-२ बाटलीत मिळतं. २००२ मध्ये अमेरिकेत मणक्यासाठी त्याला परवानगी मिळाली, २००७ मध्ये दातांच्या काही कामांसाठी. कोलॅजेनच्या स्पंजवर ओतायचं आणि स्पंज ठेवायचा, हाड तिथे येतं. फटीच्या मुलांवरही वापरलं गेलं. साओ पाउलोत १६ मुलांची तुलना झाली, निम्म्यांना कमरेचं हाड, निम्म्यांना बीएमपी. वर्षानं भराव दोन्हीकडे जवळपास सारखा, पण हाडाची उंची कमरवाल्यांत जास्त. आणि दातांच्या बाबतीत उंचीच महत्त्वाची. ऑस्लोवाल्यांनी १९८६ मध्ये जी मोजपट्टी दिली, जी आम्ही आजही वापरतो, ती दोन दातांमधल्या हाडाच्या उंचीचीच आहे.

शिवाय शरीर हे प्रथिन नॅनोग्रॅममध्ये वापरतं, बाटलीत ते मिलिग्रॅममध्ये असतं. म्हणजे लाखो पट. चेहरा सुजतो. मानेच्या मणक्यात वापरल्यावर श्वास अडकण्याइतकी सूज आल्याचे प्रकार घडले आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) इशारा दिला. २०१५ मध्ये पुन्हा सांगितलं की १८ वर्षांखालच्यांत असे पदार्थ सरसकट वापरू नका, वाढणाऱ्या हाडावर काय होईल याची काळजी आहे. आमच्या पेशंटचं वय नऊ. मी काय करू सांगा.

आणखी एक, जे जाहिरातीत कधीच नसतं. मी केलेल्या शस्त्रक्रिया ज्या फसल्या, त्या हाड वाईट होतं म्हणून फसल्या नाहीत. नाकाकडचं अस्तर नीट बंद झालं नाही किंवा हिरडीचे टाके उसवले म्हणून फसल्या. नाक आणि तोंड, दोन्हीकडून जंतू, मध्ये आमचा चमचाभर भराव. तिथे कमरेचं हाड ठेवा नाहीतर सोन्याच्या पेशी ठेवा, वरचं पांघरूण फाटलं की सगळं वाहून जातं. शिवणारा हात कोण आहे, हे आधी विचारा.

---

प्रयोगवही | ११ जून, पहाटे ०:२०

+१ आणि माझ्या बाजूची कबुली.

नुसत्या मांडवाचे प्रयोग पेशींपेक्षा पुढे गेलेत. उट्रेख्टमध्ये शेळ्यांच्या जबड्यात फट करून, ती कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक दाण्यांनी भरून पाहिली, कमरेच्या हाडाशी तुलना केली, मग सात रुग्णांवर केलं. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजेनची चकती तयार झाली, तिथे ती आता बाजारात आहे. यात पेशी नाहीत, शरीराच्याच पेशी आत येतात.

पण या जागेची अट वेगळी आहे. मांडीच्या हाडात चिनीमातीसारखा कडक पदार्थ भरला आणि तो वीस वर्षं विरघळला नाही तरी चालतं. इथे त्यातून दात जायचाय! हायड्रॉक्सिअपटाइटसारखा हट्टी पदार्थ भरला तर सुळा त्याला धडकून थांबेल. म्हणजे मांडव असा हवा की वर्षभरात मोकळा झाला पाहिजे, पण तोवर आकार सोडता कामा नये.

आणि रक्त. पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे जगत नाही. आम्ही डिशमध्ये सुंदर पेशी वाढवतो, फटीच्या मधोमध ठेवतो, आणि रक्त पोचायच्या आत मधल्या मरतात. कमरेच्या हाडातल्याही बऱ्याच मरतात, पण ते हाड स्वतःच मांडव, वेल आणि खत तिन्ही असतं. वर फुकट आणि आपलंच. आम्ही दोन दशकं त्या चमचाभर चुऱ्याशी शर्यत लावतोय आणि अजून बरोबरीसाठी धडपडतोय. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही (सगळ्या चाचण्या एकत्र तपासतात तो) पुरावा अपुराच निघाला होता.

---

सुमतीआजी | ११ जून, सकाळी ६:३०

मुलांनो, डॉ. शरदकुमार दीक्षितांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. पंढरपूरचा माणूस, अमेरिकेत राहून, स्वतः अपंग आणि आजारी असताना दरवर्षी इथे येऊन फुकट ओठ शिवायचा. त्यांच्या शिबिरांच्या रांगा मी पाहिल्यात.

माझ्या धाकट्या भावाचा ओठ मात्र दुसऱ्याच एका शिबिरात शिवला. छान शिवला, लग्न झालं. पण हिरडीत हाड भरायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्हीही विचारलं नाही. ओठ मिटला म्हणजे संपलं असं वाटलं. आता तो ६१ चा आहे. फटीशेजारचे दोन दात चाळिशीतच पडले, कवळी तिथे टिकत नाही, खाली हाडच नाही तर बसणार कशावर. पाणी पिताना अजून नाकाला रुमाल लावतो. कृष्णाकाठ, कुठलं हाड यावर भांडा पाहिजे तर, पण वेळ घालवू नका बाई.

---

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री १०:०५

आजी, वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं सांगितलंत.

त्या क्लिनिकला काय विचारू?

---

प्रयोगवही | ११ जून, रात्री ११:३०

एकच : 'सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्या.' भारतात माणसांवरची प्रत्येक औषधचाचणी त्या सरकारी नोंदवहीत असावी लागते, २००९ पासून सक्तीनं. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी-रोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच करता येतं. आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे लाख-लाख घेत नाहीत. पैसे मागताहेत म्हणजे ते चाचणी नाही, दुकान आहे.

---

बत्तिशी | १२ जून, सकाळी ७:१०

भर घालतो. दुभंगलेला ओठ-टाळू हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, शाळेत-अंगणवाडीत तपासणीला पथक येतं तेच. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. काही संस्थाही फुकट करतात, हाड भरण्यासकट. साडेतीन लाख दातांच्या तारांसाठी राखून ठेवा, त्या पुढे लागणारच आहेत.

---

कृष्णाकाठ | २ मार्च, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, क्षमस्व.

क्लिनिकला नोंदणी क्रमांक मागितला. त्यांनी आयएसओ प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. परत मागितला तर नंबर ब्लॉक. ह्यांनी तो फोटो नणंदेच्या ग्रुपवर टाकला, पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

चिमीची शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली, कमरेच्याच हाडानं. आधी पाच महिने जबडा रुंद करायला टाळूला स्क्रूची पट्टी होती, सुरुवातीचे काही आठवडे रात्री किल्लीनं पाव फेरा फिरवायचा. ते काम आजोबांनी घेतलं होतं, घड्याळाला किल्ली देतात तसं. शस्त्रक्रियेला साधारण तीन तास लागले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य : 'कंबर कुणी चावली?' @मिशीआडचा_मी, शिवी दिली नाही, पण फिजिओथेरपीवाल्या ताईंशी दोन दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारताना सापडली.

सगळं गोड नाही. दुसऱ्या आठवड्यात हिरडीचा एक टाका सुटला आणि ज्वारीच्या कण्यांसारखे हाडाचे चार-पाच कण बाहेर आले. माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी धुऊन, औषध देऊन निभावलं. परवाच्या एक्स-रे फोटोत हाड दिसतंय, वरून थोडं झिजलंय. ते म्हणाले, थोडं झिजतंच, पुरेसं आहे, सुळा त्यात शिरला की तोच हाड धरून ठेवेल. फोटोत तो दिसतो, तिरका, अजून वर आहे. ताक मात्र नाकातून येत नाही. मी रोज एक पेला देते आणि बघत बसते, चिमी वैतागते.

---

बत्तिशी | २ मार्च, रात्री १०:३०

कण बाहेर येणं होतं अधूनमधून. उंची टिकली असेल तर छान. सहा महिन्यांनी परत फोटो, आणि दातांच्या डॉक्टरांना आताच गाठा. हाडाला काम मिळालं नाही तर ते विरघळतं.

---

प्रयोगवही | २ मार्च, रात्री ११:५५

खूप बरं वाटलं. एक आगाऊ प्रश्न : शस्त्रक्रियेआधी फटीजवळचे दुधाचे दात काढतात. तो दात काय केलात?

---

कृष्णाकाठ | ३ मार्च, सकाळी ८:१५

पाकिटात घालून दिला होता डॉक्टरांनी. चिमीला कौलावर फेकायचा होता. आमचा स्लॅब आहे, म्हणून शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर फेकला. टण्णकन वाजला आणि म्हैस उठून उभी राहिली.